पाण्याआधी प्लग मोजा!

चार फुटी टँक घ्यायचं ठरलं की पुढचे दोन महिने तुमचं डोकं फक्त तिथेच असतं. काच १० एमएमची की १२ची? डिस्कस ठेवायचे की फ्लॉवरहॉर्न? प्लांटेड करायचा की थेट मरीनमध्ये उडी मारायची? रविवारी कुर्ल्याच्या बाजारात फेऱ्या होतात, रात्री दोनपर्यंत व्हिडिओ बघणं होतं, कॅबिनेटचा रंग ठरवताना घरात दोन गट पडतात. शेवटी टँक येतो, पाणी भरतं, लाइट लावायची वेळ येते आणि तेव्हा कुठे प्रश्न पडतो, 'अरे, प्लग कुठे लावायचा?'

मग शोधाशोध सुरू होते. वास्तुवाल्या काकांनी पाण्यासाठी ईशान्य कोपरा सांगितलेला असतो आणि स्विचबोर्ड नेमका नैऋत्येला असतो. टीव्हीमागचं एक्स्टेंशन ओढून आणलं जातं, त्यात टी-प्लग, टी-प्लगमध्ये अजून एक टी-प्लग. ही सगळी वरात कॅबिनेटच्या आत, जमिनीवर, साडेचारशे लिटर पाण्याच्या बरोबर खाली विसावते. वरून दार लावलं की दिसत नाही, म्हणून फोटोही छान येतात.

तुमच्या टँकखालीही असंच काही असेल तर पुढचं जरा लक्ष देऊन वाचा. टँकमधली सगळ्यात महाग चूक माशांच्या निवडीत होत नाही, ती या कॅबिनेटच्या आत होते. आणि तिची किंमत पैशात मोजता येत नाही.

आधी यादी, मग टँक

एक कागद घ्या आणि टँकला लागणारी प्रत्येक वीजवाली वस्तू लिहून काढा. ४ बाय २ बाय २ फुटांचा, म्हणजे साधारण ४५० लिटरचा गोड्या पाण्याचा टँक धरू. कॅनिस्टर फिल्टर ४० वॅट. दोन वेव्हमेकर, प्रत्येकी १५ वॅट. एलईडी लाइट १२० वॅट. हीटर ३०० वॅट. एअर पंप ५ वॅट. यूव्ही १८ वॅट. उन्हाळ्यासाठी छोटा चिलर घेतलात तर त्याचे आणखी ३०० वॅट. मॉडेलप्रमाणे आकडे बदलतील, तुमच्या वस्तूंवर छापलेले आकडेच लिहा.

बेरीज साधारण ८१३ वॅट. हीटर आणि चिलर एकाच वेळी चालणार नाहीत, तरी दोन्ही धरलेत. आपल्याकडच्या २३० व्होल्टला हा करंट होतो साडेतीन अँपियर. म्हणजे सगळा टँक मिळून घरातल्या १००० वॅटच्या इस्त्रीपेक्षाही कमी वीज ओढतो. चिलर सुरू होताना क्षणभर जास्त करंट खेचतो, तेवढं सोडलं तर घरच्या वायरिंगला हा लोड किरकोळ आहे.

मग प्रश्न कुठे आला? तो वॅटमध्ये नाही, प्लगमध्ये आहे. यादी पुन्हा बघा, आठ वस्तू म्हणजे आठ प्लग. इस्त्री एक प्लग, कोरडी जागा आणि दहा मिनिटांचं काम. टँकचे आठ प्लग, ओली जागा आणि त्यातले बरेचसे दिवसाचे चोवीस तास, वर्षाचे बारा महिने चालू. शिवाय यातल्या काही वस्तू थेट पाण्यात बुडलेल्या, ज्या पाण्यात तुम्ही दर आठवड्याला कोपरापर्यंत हात घालता.

जाता जाता बिलाचंही बघून घ्या. लाइट आठ तास, फिल्टर, वेव्हमेकर, एअर पंप आणि यूव्ही चोवीस तास असं धरलं तर हीटर-चिलरशिवायच महिन्याला ९५च्या आसपास युनिट होतात. महावितरणच्या घरगुती बिलात १०० युनिटांनंतरचा दर चढा असतो. त्यामुळे हा आकडा बाबांना आधीच सांगितलेला बरा, पहिलं बिल आल्यावर नको.

एमसीबी नेमका कुणाला वाचवतो?

'आमच्याकडे एमसीबी आहे ना, शॉक लागला तर पडेल की!' हे वाक्य तुम्ही ऐकलं असेल, कदाचित म्हटलंही असेल. हा गैरसमज आधी डोक्यातून काढा.

एमसीबी वायरला वाचवतो. वायरमधून झेपेल त्यापेक्षा जास्त करंट गेला, ती तापायला लागली किंवा शॉर्टसर्किट झालं की तो पडतो. १६ अँपियरचा एमसीबी १६ अँपियरपर्यंत शांत बसतो. माणसाचं काय? अंगातून १०-२० मिलीअँपियर गेले की हाताचे स्नायू आवळतात आणि पकडलेली वस्तू सोडता येत नाही. त्याच्या पुढे जितका जास्त करंट आणि जितका जास्त वेळ, तितका श्वासाला आणि हृदयाला धोका. १६ अँपियर म्हणजे १६,००० मिलीअँपियर. तुमच्या हृदयाची लय बिघडवायला जेवढा करंट पुरतो, तेवढा त्या एमसीबीच्या खिजगणतीतही नसतो. तो त्याचं काम चोख करतोय, फक्त ते काम तुम्हाला वाचवण्याचं नाही.

माणसाला वाचवतो तो आरसीसीबी. त्याची कल्पना अगदी साधी आहे. फेजमधून जेवढा करंट गेला तेवढाच न्यूट्रलमधून परत यायला हवा. कमी आला, तर मधला करंट कुठेतरी गळतोय. कदाचित पाण्यातून, कदाचित तुमच्यातून. हा फरक ३० मिलीअँपियर झाला की ०.३ सेकंदाच्या आत तो दोन्ही वायरी तोडतो. गळती मोठी असेल तर त्याहूनही लवकर.

आता उठा आणि घराच्या डीबीपाशी जा. डीबी म्हणजे ती सगळ्या एमसीबींची पेटी. त्यात 'टी' किंवा 'टेस्ट' लिहिलेलं छोटं बटण असलेला, जरा रुंद स्विच दिसतो का? असेल तर त्यावरचा आकडा वाचा. ०.०३ अँपियर किंवा ३० एमए लिहिलेलं हवं. १०० किंवा ३०० एमए असेल तर तो आग टाळायला उपयोगी, माणसासाठी तेवढ्यावर भिस्त ठेवू नका. जुन्या बिल्डिंगमध्ये, चाळीत, वाड्यात राहत असाल तर तिथे आजही चिनी मातीचे फ्यूज असू शकतात. म्हणजे आरसीसीबीचा प्रश्नच येत नाही.

दोन गोष्टी मात्र लक्षात ठेवा. आरसीसीबी एकटा ओव्हरलोड थांबवत नाही, त्यामुळे एमसीबी सोबत लागतोच. दोन्ही कामं एकाच डब्यात करणारा आरसीबीओही मिळतो. दुसरं, तुम्ही फेज आणि न्यूट्रल दोन्ही एकाच वेळी धरलेत आणि करंट बाहेर गळलाच नाही, तर आरसीसीबीला काही कळत नाही. तो सीटबेल्ट आहे, चिलखत नव्हे.

मासे मजेत पोहतायत, म्हणजे सगळं ओके?

अजिबात नाही. विजेच्या तारेवर बसलेल्या पक्ष्याला शॉक लागत नाही, कारण करंटला त्याच्यातून पुढे जायला वाट नसते. टँकमधल्या माशाचंही तसंच. हीटरची काच बारीक तडकली, पंपाचं सील गेलं, तर पाण्यात फेज उतरतो आणि मासे तरीही शेपटी हलवत फिरतात. कारण टँक काचेचा, स्टँड लाकडाचा, करंटला जमिनीत जायला रस्ता नाही. तो रस्ता तयार होतो तुम्ही ओल्या फरशीवर अनवाणी उभं राहून पाण्यात हात घालता तेव्हा.

अशा वेळी अर्थिंग कामाला येतं. तीन पिनच्या उपकरणात बिघाड झाला तर करंटला अर्थच्या वायरीतून वाट मिळते आणि आरसीसीबी तुमचा हात पाण्यात जायच्या आधीच पडतो. पण बाजारातले कितीतरी स्वस्त पंप आणि हीटर दोन पिनचेच येतात. त्यांना अर्थ नसतोच. अशा टँकसाठी टायटॅनियमचा ग्राउंडिंग प्रोब मिळतो. तो पाण्यात सोडायचा आणि अर्थला जोडायचा, म्हणजे पाण्यातल्या गळतीला वाट मिळते. पण आरसीसीबी नसताना नुसता प्रोब लावू नका. मग करंट पाण्यातून सतत वाहत राहील आणि तो तोडणारं कुणीच नसेल. आधी आरसीसीबी, मग प्रोब. हा क्रम उलटा चालत नाही.

आणि पाण्यात हात घातल्यावर बोटाला झिणझिण्या आल्या किंवा नखाजवळच्या जखमेला चटका बसला, तर 'स्टॅटिक असेल' म्हणून सोडून देऊ नका. टँकचा सगळा सप्लाय बंद करा आणि एकेक वस्तू तपासून घ्या.

टँकची स्वतःची लाइन

मोठा टँक घेणार असाल तर त्याच्यासाठी डीबीपासून वेगळी लाइन ओढून घ्या. घराला रंग काढायचा असेल तर त्याच्या आधी. कन्सील्ड जमत नसेल तर केसिंग पट्टीतून. वायर २.५ स्क्वेअर एमएमची, तांब्याची, आयएसआय मार्कची. डीबीत १६ अँपियरचा एमसीबी आणि ३० एमएचा आरसीसीबी, किंवा आरसीबीओ. एलईडी आणि नव्या डीसी पंपांमध्ये इलेक्ट्रॉनिक ड्रायव्हर असतात, त्यांच्यासाठी 'एसी' टाइपपेक्षा 'ए' टाइप आरसीसीबी चांगला. सर्वसाधारण घरगुती आरसीसीबी दोन-तीन हजारांच्या आसपास बसतो. बऱ्या जोडीच्या डिस्कसची किंमत आठवा आणि मग हा खर्च महाग वाटतो का ते ठरवा.

बोर्ड कुठे बसवायचा हेही तितकंच महत्त्वाचं. टँकच्या मागे किंवा खाली नको. बाजूच्या भिंतीवर हवा, जिथे पाणी सांडलं, उडलं किंवा टँक गळला तरी पोहोचणार नाही, आणि जिथे हात पुसून सहज पोहोचता येईल. खाली सम्प म्हणजे दुसरी टाकी ठेवणार असाल तर वीजेचं सामान त्या कप्प्यात अजिबात नको, मध्ये फळी घालून वेगळा कप्पा करा. मरीन टँकवाल्यांनी तर जास्तच जपायचं. उडालेल्या थेंबांतलं पाणी सुकतं, मीठ उरतं. ते मीठ हवेतला ओलावा ओढून घेतं आणि वीज वाहून नेतं. मुंबई-कोकणातल्या पावसाळ्यात काय होत असेल, तुम्हीच विचार करा.

बोर्डवर आठ सॉकेट लागत असतील तर दहा घ्या. वेगळ्या नंबरचा फिल्टर किंवा टायमर पुढे येणारच असतो. प्रत्येक सॉकेटला स्वतःचा स्विच आणि त्यावर मार्करने नाव लिहा: 'हीटर', 'फिल्टर', 'लाइट'. पाणी बदलताना हे नाव सोन्याच्या मोलाचं ठरतं, कारण हीटर आधी बंद करून १५-२० मिनिटं थंड होऊ द्यावा लागतो. गरम हीटर पाण्याबाहेर उघडा पडला की काच तडकते, आणि पुढची गोष्ट वर सांगितलीच आहे.

एक बारीक गोष्ट. साधा स्विच फक्त एकच वायर तोडतो, आणि ती फेजचीच असेल याची जुन्या घरात खात्री नसते. म्हणून पाण्यात हात घालण्याआधी नुसता स्विच नको. प्लग काढा किंवा टँकचा आरसीसीबी खाली करा. तो फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडतो.

फुकटातल्या तीन सवयी

यांना वायरमन लागत नाही, पैसे लागत नाहीत.

पहिली, झोळ. टँकमधून येणारी प्रत्येक वायर सॉकेटच्या खाली 'यू'सारखी लोंबकळू द्या आणि मग वर सॉकेटमध्ये घ्या. वायरीवरून ओघळणारं पाणी झोळाच्या तळाशी जाऊन खाली ठिबकतं, सॉकेटमध्ये शिरत नाही. वायर ताणून 'नीटनेटकी' बांधाल तर पाण्याला सरळ प्लगपर्यंत रस्ता दिल्यासारखं आहे.

दुसरी, एअर पंप पाण्याच्या पातळीपेक्षा वर ठेवा. खाली ठेवायचाच असेल तर नळीत नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह लावा. नाहीतर वीज गेल्यावर टँकचं पाणी नळीतून उलटं येऊन थेट पंपात उतरतं.

तिसरी, महिन्यातून एकदा आरसीसीबीचं टेस्ट बटण दाबा. पडला तर चांगलं. नाही पडला तर त्याच दिवशी बदलून घ्या.

रात्री दोनला ट्रिप झालं तर?

टँकवाल्यांची आरसीसीबीवर खरी नाराजी इथे असते. 'पावसाळ्यात उगाच पडतो आणि सकाळी मासे मेलेले सापडतात.' ही भीती खोटी नाही. फिल्टर काही तास बंद राहिला तर त्यातले उपयोगी बॅक्टेरिया ऑक्सिजनविना मरायला लागतात आणि दाटीच्या टँकमध्ये मासेही पृष्ठभागावर येऊन धापा टाकतात. म्हणून काहीजण आरसीसीबी बायपास करून टाकतात. वायरमनही कधीकधी 'काढून टाकू का साहेब?' असं विचारतो.

नाही म्हणा. पडणारा आरसीसीबी तुम्हाला काहीतरी सांगतोय. एकेक प्लग काढून बघा, बहुतेक वेळा दोषी वस्तू सापडते. काही नाहीच सापडलं तर घरात कुठेतरी दोन सर्किटचे न्यूट्रल एकमेकांत मिसळलेत का ते तपासायला सांगा. घरी इन्व्हर्टर बसवल्यानंतर ट्रिपिंग सुरू झालं असेल तर संशयाची सुई आधी तिकडेच वळवा.

माशांसाठी उपाय वेगळा आहे. टँकचे प्लग दोन आरसीबीओंवर वाटा: एकावर फिल्टर आणि एक वेव्हमेकर, दुसऱ्यावर हीटर, लाइट आणि बाकी सगळं. हीटर बिघडला तर दुसरा पडेल, फिल्टर चालूच राहील. आणि टँकची लाइन घराच्या आरसीसीबीच्या मागून नको, डीबीतच त्याच्या शेजारून वेगळी निघायला हवी. म्हणजे गीझरच्या दोषाची शिक्षा माशांना होणार नाही. शेवटचा आधार म्हणून बॅटरीवर चालणारा एअर पंप ठेवा. वीज गेली की आपोआप सुरू होणारेही मिळतात. वीज खूप वेळ गेली असेल तर कॅनिस्टर धुतल्याशिवाय पुन्हा सुरू करू नका, आतलं सडलेलं पाणी टँकमध्ये येतं.

भाड्याच्या फ्लॅटमध्ये काय?

पुण्यात, नाशकात, नागपुरात रूमवर राहणाऱ्यांना भिंत फोडता येत नाही. मग निदान एवढं करा. घरमालकांना विचारून डीबीत ३० एमएचा आरसीसीबी बसवून घ्या. खर्च तुम्ही करा, फायदा त्यांचाही आहे, त्यामुळे सहसा नाही म्हणत नाहीत. तेही जमलं नाही तर प्लगमध्ये लावायचे किंवा एक्स्टेंशनमध्येच बसवलेले आरसीसीबी मिळतात. एकच चांगल्या प्रतीचं तीन पिनचं एक्स्टेंशन, जमिनीवर नाही तर भिंतीला अडकवलेलं, टी-प्लग शून्य. आणि वायरिंगची अवस्था अगदीच वाईट असेल, सॉकेट काळे पडलेले असतील, अर्थचा पत्ताच नसेल, तर मोठा टँक पुढच्या घरासाठी ठेवा. दोन फुटी टँकमध्येही गप्पी मजेत वाढतात.

हात कुणाचा?

टँक हौसेने तुम्ही घेता. पण परीक्षा आली, इंटर्नशिप सुरू झाली, मित्रांबरोबर गोव्याला गेलात, की काच पुसणारा हात आईचा असतो. लहान भावाचा असतो. किंवा घरकामाला येणाऱ्या मावशींचा असतो. कुठला प्लग कशाचा आहे, आधी काय बंद करायचं, यातलं त्यांना काहीच सांगितलेलं नसतं. वायरिंग तुम्ही जुगाड करून केलेलं आणि ओल्या हातांनी त्याला सामोरं जाणार दुसरंच कुणी. टँकचं वायरिंग असं करा की काहीही माहीत नसलेल्या माणसाने हात घातला तरी त्याला काही होऊ नये. 'मी काळजी घेतो' हे तुमच्यापुरतं ठीक आहे, घरासाठी ते पुरेसं नाही.

वायरमन आला की हे विचारा

- तुमच्याकडे किंवा तुमच्या कॉन्ट्रॅक्टरकडे सरकारी परवाना आहे का?
- घराचं अर्थिंग चालू आहे का? मीटर लावून दाखवा.
- टँकची लाइन डीबीपासून वेगळी आणि २.५ स्क्वेअर एमएमची आहे ना?
- आरसीसीबी ३० एमएचाच आहे ना? टेस्ट बटण माझ्यासमोर दाबा.
- सॉकेटमध्ये फेज उजवीकडे आणि न्यूट्रल डावीकडे बरोबर आलंय ना?
- वीज गेल्यावर टँक इन्व्हर्टरवर चालणार असेल तर तेव्हाही आरसीसीबी मध्ये असेल ना?

आणि शॉक लागलाच तर

अडकलेल्या माणसाला हात लावू नका, तुम्हीही अडकाल. आधी मेन बंद करा. ते शक्य नसेल तर कोरड्या जागी उभं राहून कोरड्या लाकडी काठीने किंवा प्लॅस्टिकच्या खुर्चीने त्याला वायरीपासून दूर करा. १०८ला फोन लावा. श्वास थांबला असेल तर लगेच सीपीआर सुरू करा. कॉलेजच्या एनएसएस-एनसीसीमध्ये शिकवत असतील तर तो तास बुडवू नका. माणूस उठून 'काही नाही, ठीक आहे' म्हणाला तरी डॉक्टरांना दाखवा, हृदयावरचा परिणाम नंतरही दिसू शकतो.

एवढं सगळं वाचून टँकचा विचार सोडू नका. टँक घ्याच. फक्त काचवाल्याला ॲडव्हान्स देण्याआधी कागदावर प्लग मोजा, डीबी उघडून बघा आणि वायरमनला फोन करा. मासे सगळ्यात शेवटी येतात, त्यांना घाई नसते.